जयपूरचा कूलर आणि फुफ्फुसातला वण

मे महिन्यातल्या जयपुरात दुपारी बारानंतर रस्ते ओस पडतात. पारा चाळिशीच्या पुढे जातो, लू वाहू लागते आणि घरोघरी खिडकीबाहेर बसवलेले कूलर घरघरू लागतात. पत्र्याची किंवा प्लास्टिकची पेटी, तीन बाजूंना गवताच्या ताट्या, तळाशी पाणी, ते वर चढवणारा छोटा पंप आणि आत हवा ढकलणारा पंखा, एवढाच त्याचा संसार. पाण्याची वाफ होताना ती भोवतालची उष्णता घेते आणि कोरडी हवा गार होते, हा शाळेत शिकलेला नियम इथे रोज राबत असतो. नागपूर, अकोला, चंद्रपूरच्या वाचकांना याचे वेगळे वर्णन नको. विदर्भाचा उन्हाळाही याच पेटीच्या भरवशावर सरतो.

अशाच एका घराची कल्पना करावी. नोकरीनिमित्त तीसेक वर्षांपूर्वी महाराष्ट्रातून येऊन जयपुरात स्थिरावलेले कुटुंब. घरातली आई साठीची. तिला दीड-दोन वर्षांपासून कोरडा खोकला आहे. आधी तो धुळीचा ठरला, मग ॲलर्जीचा. मध्यंतरी क्षयाचा संशय आला आणि थुंकीत जंतू सापडले नसतानाही औषधे सुरू झाली. आता गच्चीवर वाळवण घालायला जाताना तिला जिन्यात दोनदा थांबावे लागते. घरातले म्हणतात, वय झाले. अखेर एक छातीरोगतज्ज्ञ तिच्या पाठीला स्टेथोस्कोप लावतात. श्वास आत घेताना दोन्ही फुफ्फुसांच्या तळाशी वेल्क्रोची पट्टी ओढावी तसा चरचर आवाज येतो. सीटी स्कॅनमध्ये फुफ्फुसात पांढऱ्या रेषांचे जाळे दिसते. ते जाळे म्हणजे वण. चित्र बाजूला ठेवून डॉक्टर विचारतात, “माताजी, घरात कूलर आहे का?”

घर कल्पनेतले आहे, पण प्रश्न अगदी खरा आहे. तो विचारण्यामागे जयपुरातूनच उभे राहिलेले एक मोठे काम आहे.

फुफ्फुसातील वायुकोशांच्या भिंतींमध्ये दाह आणि वण निर्माण करणाऱ्या दोनशेच्या आसपास आजारांना मिळून वैद्यक ‘इंटरस्टिशियल लंग डिसीज’, थोडक्यात आयएलडी, म्हणते. भारतात त्यांपैकी कोणता आजार किती आढळतो, याचे देशव्यापी चित्र फार काळ उपलब्ध नव्हते. जयपूरच्या डॉ. शीतू सिंह, डॉ. वीरेंद्र सिंह आणि देशभरातील त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील सिॲटलच्या डॉ. गणेश रघु आणि डॉ. ब्रिजेट कॉलिन्स यांच्यासह ‘आयएलडी-इंडिया’ ही नोंदवही उभी केली. मार्च २०१२ ते जून २०१५ या काळात १९ शहरांतील २७ केंद्रांवरून १,०८४ रुग्णांची माहिती जमा झाली. हे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले.

पाश्चात्त्य देशांतील अनेक नोंदींत कारण न कळणारा फायब्रोसिस, म्हणजे आयपीएफ, वरच्या क्रमांकांवर असतो. भारतीय नोंदवहीत त्याचा वाटा १३.७ टक्के निघाला. पहिला क्रमांक होता हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिसचा: ४७.३ टक्के. श्वासावाटे वारंवार आत जाणाऱ्या बुरशी, जिवाणू किंवा पक्ष्यांच्या प्रथिनांविरुद्ध शरीराच्या संरक्षण यंत्रणेने पुकारलेले हे दीर्घ युद्ध असते. या रुग्णांच्या घरातील परिस्थिती तपासली तेव्हा सुमारे ४८ टक्के रुग्णांचा संबंध कूलरशी आला होता, २६ टक्क्यांचा वातानुकूलन यंत्राशी, तर पक्षी आणि बुरशी यांचा वाटा प्रत्येकी २१ टक्क्यांच्या आसपास होता. एकाच घरात यांतल्या दोन-तीन गोष्टी असू शकतात, म्हणून बेरीज शंभराच्या पुढे जाते.

येथे विज्ञानाच्या विद्यार्थ्याने एक सावधगिरी बाळगायला हवी. संबंध आढळणे आणि कारण सिद्ध होणे या दोन पायऱ्या वेगळ्या आहेत. उत्तर भारतात कूलर लाखो घरांत आहे आणि त्यांतील बहुतेकांना हा आजार होत नाही. मात्र महिनोन्‌महिने ओले राहणारे गवत, तळाशी साचलेले कोमट पाणी आणि त्यावरून थेट खाटेकडे येणारा वारा हे बुरशीला पोसणारे आणि तिचे सूक्ष्म बीजाणू फुफ्फुसापर्यंत पोहोचवणारे साधन आहे, हे नाकारता येत नाही.

पक्ष्यांचा वाटा वाचून मुंबईकरांना दादरचा कबुतरखाना आठवेल. २०२५ मध्ये तिथे दाणे टाकण्यावरून उच्च न्यायालयापर्यंत गेलेल्या वादाच्या मुळाशी हाच आजार होता. जयपुरातही अल्बर्ट हॉलसमोर रोज सकाळी कबुतरांचे थवेच्या थवे उतरतात आणि त्यांना दाणे घालणे हे पुण्याचे काम मानले जाते.

बुरशीचा बीजाणू काही फुफ्फुसात वण कोरत नाही. वण शरीर स्वतः तयार करते. तो कसा तयार होतो, हे पाहू लागले की एका अतिशय लहान रेणूची गाठ पडते. त्याचे नाव नायट्रिक ऑक्साइड.

नायट्रोजनचा एक अणू आणि ऑक्सिजनचा एक, एवढाच हा रेणू. दंतवैद्याकडे गुंगीसाठी वापरला जाणारा नायट्रस ऑक्साइड वेगळा, आणि वाहनांच्या धुरातून शहराच्या हवेत साचणारा तपकिरी नायट्रोजन डायऑक्साइडही वेगळा. नायट्रोजनचे सात आणि ऑक्सिजनचे आठ असे मिळून यात पंधरा इलेक्ट्रॉन असतात. पंधरा ही विषम संख्या, त्यामुळे एक इलेक्ट्रॉन जोडीवाचून राहतो. रसायनशास्त्रात अशा रेणूला मुक्तमूलक म्हणतात. विद्युतभार नाही आणि आकार लहान, म्हणून तो पेशीच्या पटलातून विनासायास पार होतो. त्याला दार लागत नाही, वाहक लागत नाही. तो जन्मतो, विसरणाने चहूकडे पसरतो आणि काही सेकंदांत कुणाशी तरी संयोग पावून नाहीसा होतो.

असा क्षणभंगुर वायू शरीरात निरोप्याचे काम करतो, हे कळल्यावर शास्त्रज्ञांनाही नवल वाटले होते. रक्तवाहिनीचे अस्तर कसलासा पदार्थ सोडते आणि त्याने वाहिनी सैलावते, हे रॉबर्ट फर्चगॉट यांनी १९८० मध्ये दाखवले. तो पदार्थ म्हणजे नायट्रिक ऑक्साइड, हे १९८७ मध्ये स्पष्ट झाले. ‘सायन्स’ या नियतकालिकाने १९९२ मध्ये त्याला वर्षाचा रेणू ठरवले. पुढे १९९८ मध्ये फर्चगॉट, लुई इग्नारो आणि फेरिद मुराद यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

शरीरात हा रेणू आर्जिनीन या अमिनो आम्लापासून तयार होतो आणि तो तयार करणारी तीन विकरे आहेत. एक चेतापेशींमध्ये आढळते, दुसरे रक्तवाहिन्यांच्या अस्तरात. ही दोन्ही काटकसरीने चालतात. पेशीत कॅल्शियमची पातळी वाढली की थोडा वायू सोडायचा आणि थांबायचे, अशी त्यांची रीत. तिसऱ्याची तऱ्हा वेगळी आहे. एरवी ते जवळजवळ नसतेच. जंतू किंवा दाहाचा इशारा मिळाला की प्रामुख्याने भक्षकपेशी ते नव्याने घडवतात, आणि एकदा घडले की ते कॅल्शियमच्या चढउतारांची पर्वा न करता तासन्‌तास, कधी दिवसेंदिवस वायू निर्माण करत राहते. पहिली दोन विकरे निरोपापुरता वायू सोडतात. तिसऱ्याचा हेतू शत्रूला मारण्याचा असतो.

निरोप आणि शस्त्र यांतील हा फरक मुख्यतः प्रमाणाचा आहे, आणि तो आकड्यांत मांडता येतो. दाहाच्या जागी भक्षकपेशी सुपरऑक्साइड नावाचे आणखी एक मुक्तमूलक सोडतात. शरीरात त्याची विल्हेवाट लावणारे विकर आहे, सुपरऑक्साइड डिसम्युटेज. ते इतके वेगवान आहे की सुपरऑक्साइडचा रेणू त्याच्या जवळ आला की जवळजवळ गेलाच. मात्र नायट्रिक ऑक्साइड त्याहूनही वेगाने, तिपटीच्या आसपास दराने, सुपरऑक्साइडशी संयोग पावतो. दोन रेणू द्रवात एकमेकांना भेटायला जेवढा वेळ लागतो तेवढाच काय तो विलंब. म्हणजे ही दोघांमधली शर्यत आहे आणि तिचा निकाल कोण किती संख्येने हजर आहे यावर ठरतो. नायट्रिक ऑक्साइड नॅनोमोलर पातळीवर असेल तर विकर जिंकते आणि सुपरऑक्साइड निमूटपणे नाहीसा होतो. तिसऱ्या विकराच्या कृपेने ती पातळी मायक्रोमोलरकडे, म्हणजे हजारपटीकडे, सरकली की पारडे फिरते. दोन मुक्तमूलके एकत्र येतात आणि पेरॉक्सिनायट्राइट तयार होते. हा संयुगाचा रेणू प्रथिनांना, मेदांना आणि डीएनएला इजा करतो. निरोप्याचे काम करणारा वायू स्वतः बदललेला नसतो. त्याची संख्या आणि त्याचा शेजार बदललेला असतो.

पेरॉक्सिनायट्राइट पकडणे अवघड, पण त्याचा माग काढता येतो. प्रथिनांतील टायरोसिन या घटकावर ते एक विशिष्ट खूण सोडून जाते. साले, बार्न्स आणि जायद यांनी १९९७ मध्ये आयपीएफच्या रुग्णांच्या फुफ्फुसांच्या ऊतींत ही खूण शोधली. आजार सुरुवातीच्या आणि मधल्या टप्प्यात असलेल्या ऊतींत, भक्षकपेशींमध्ये आणि वायुकोशांच्या अस्तरात, ती ठळक दिसली. आजाराच्या शेवटच्या टप्प्यातील ऊतींत ती फिकी होती. आग विझून गेल्यावर राख तेवढी उरावी, तसा हा प्रकार. ज्या वेळी रुग्ण धाप लागते म्हणून डॉक्टरांपर्यंत पोहोचतो, त्या वेळी फुफ्फुसाच्या काही भागांतील रासायनिक युद्ध कदाचित संपलेलेही असते आणि मागे वण उरलेला असतो.

आता पेशींच्या वाढीचा प्रश्न. गुडघा खरचटला की दोन कामे एकाच वेळी सुरू होतात: कातडीच्या पेशी कडेकडून वाढत येऊन जखम झाकतात आणि खालच्या तंतुपेशी कोलॅजेनचे दोर विणून जागा भरून काढतात. पहिले काम वेळेत झाले की दुसरे थांबते आणि वण लहान राहतो. फुफ्फुसातही हाच हिशेब आहे. वायुकोशाच्या अस्तरात दोन प्रकारच्या पेशी असतात. पहिल्या प्रकारच्या पातळ, पसरट पेशींतून प्राणवायू रक्तात उतरतो. दुसऱ्या प्रकारच्या गुबगुबीत पेशी गरज पडल्यास विभागून पहिल्या प्रकारच्या नव्या पेशी तयार करतात. फुफ्फुस निरोगीपणे भरून यायचे तर या दुसऱ्या प्रकारच्या पेशी वाढल्या पाहिजेत आणि तंतुपेशी आवरल्या पाहिजेत. वणाच्या आजारात नेमके उलट घडते. ज्यांनी वाढायला हवे त्या मरतात किंवा थकतात, आणि ज्यांनी थांबायला हवे त्या वाढत राहतात.

नायट्रिक ऑक्साइड या दोन्ही बाजूंना बोलतो. उत्तम गर्ग आणि अवीव हसिद यांनी १९८९ मध्ये प्रयोगशाळेत वाढवलेल्या उंदरांच्या रक्तवाहिन्यांतील स्नायुपेशींवर नायट्रिक ऑक्साइड सोडणारी औषधे वापरली, तेव्हा त्या पेशींची वाढ मंदावली. पुढच्याच वर्षी त्यांनी तंतुपेशींवरही तसाच परिणाम दाखवला. नंतरच्या अनेक प्रयोगांतून हेही दिसले की हा रेणू पेशीत सायक्लिक जीएमपी नावाचा दुसरा निरोप्या जागा करतो आणि त्यामुळे तंतुपेशींचे कोलॅजेन विणणाऱ्या आक्रमक रूपात होणारे परिवर्तन रोखले जाते. म्हणजे थोड्या प्रमाणात हा वायू वणाचा विरोधक आहे. मात्र तोच वायू पेरॉक्सिनायट्राइटच्या रूपात अस्तरातील दुसऱ्या प्रकारच्या पेशींना इजा करतो, आणि त्या पेशी गेल्या की तंतुपेशींना आवर घालणारा शेजारच उरत नाही.

कच्च्या मालाची कथा आणखी बोलकी आहे. आर्जिनीनपासून नायट्रिक ऑक्साइड तयार होतो, हे वर आले. याच आर्जिनीनवर आणखी एका विकराचा डोळा असतो. त्याचे नाव आर्जिनेज. ते आर्जिनीनचे ऑर्निथिनमध्ये रूपांतर करते. ऑर्निथिनपासून प्रोलिन बनू शकते आणि प्रोलिन हा कोलॅजेनचा प्रमुख घटक आहे. म्हणजे पेशीच्या दारात आलेल्या एकाच मालाला दोन वाटा फुटतात: एका वाटेने तो निरोप होतो, दुसऱ्या वाटेने वणाचा दोर. फायब्रोसिसच्या प्राणी-प्रयोगांत आर्जिनेज वाढलेले आढळते. त्यात भर म्हणजे आर्जिनीन कमी पडले तर नायट्रिक ऑक्साइड बनवणारे विकर बिघडते आणि वायूऐवजी सुपरऑक्साइडच सोडू लागते.

हे सारे कागदावर नीट जुळते. प्रत्यक्ष प्राण्यात काय होते? उंदरांना ब्लिओमायसिन हे औषध देऊन फुफ्फुसात वण निर्माण करण्याची एक प्रस्थापित पद्धत आहे. ज्या उंदरांत तिसरे, दाहाचे विकर बनवणारे जनुकच काढून टाकले होते, त्यांच्यात काही प्रयोगांत इजा कमी झाली. यावरून वाटावे की नायट्रिक ऑक्साइड हाच खलनायक. परंतु जपानमधील नोगुची आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये तिन्ही विकरे नसलेले उंदीर घेतले, तेव्हा त्यांच्यात फायब्रोसिस अधिक तीव्र झाला. नायट्रिक ऑक्साइड पूर्णपणे काढून घेतल्यावर फुफ्फुस सुरक्षित राहिले नाही, उलट उघडे पडले. दोन्ही निष्कर्ष खरे आहेत आणि दोन्ही एकत्र ठेवल्यावरच अर्थ लागतो. हा रेणू चांगला की वाईट, हा प्रश्नच अपुरा आहे. कोणत्या पेशीने, किती, किती काळ आणि कुणाच्या शेजारी तो सोडला, एवढे विचारल्याशिवाय उत्तर मिळत नाही.

हा विवेक किती महाग पडू शकतो, हे माणसांवरील चाचण्यांनी दाखवले. वणामुळे फुफ्फुसातील रक्तवाहिन्या आकसतात आणि हृदयावर ताण येतो. नायट्रिक ऑक्साइडची वाट बळकट केली तर वाहिन्या सैलावतील, रुग्ण थोडा अधिक चालू शकेल, अशी अपेक्षा रास्त होती. सायक्लिक जीएमपीला टिकवून धरणाऱ्या सिल्डेनाफिलची १८० गंभीर आयपीएफ रुग्णांवरील चाचणी २०१० मध्ये प्रसिद्ध झाली. प्राणवायूची पातळी आणि धाप यांत किंचित सुधारणा दिसली, पण चालण्याचे जे मुख्य उद्दिष्ट ठरवले होते ते साध्य झाले नाही. त्यानंतर रिओसिग्वॅट आले. ते सायक्लिक जीएमपी बनवणाऱ्या विकरालाच चालना देते. त्याची चाचणी २०१६ मध्ये मुदतीआधी थांबवावी लागली, कारण औषध घेणाऱ्या गटात मृत्यू आणि गंभीर दुष्परिणाम अधिक होते. मग नाकावाटे थेट नायट्रिक ऑक्साइड वायू देणारे हातात धरण्याजोगे यंत्र आले. नवजात बालकांच्या फुफ्फुसांतील वाढलेल्या रक्तदाबावर हा वायू १९९९ पासून अमेरिकेत मान्यताप्राप्त औषध आहे, त्यामुळे आशा मोठी होती. फायब्रोसिसच्या रुग्णांवरील त्या यंत्राची अंतिम टप्प्याची चाचणीही २०२३ मध्ये उद्दिष्ट गाठू शकली नाही.

या चाचण्या मुख्यतः रक्तवाहिन्या आणि चालण्याची क्षमता यांच्यासाठी होत्या, वण पुसण्यासाठी नव्हत्या, हे ध्यानात ठेवायला हवे. तरीही त्यांतून एक धडा मिळतो. निरोगी फुफ्फुसात हवा जिथे पोहोचते तिथेच रक्त वळवले जाते. जिथे हवा नाही तिथल्या वाहिन्या आपोआप आकसतात. वण पडलेल्या फुफ्फुसात तर हा बंदोबस्त फारच मोलाचा असतो. रक्तातून सर्वत्र जाणारे औषध हवा न पोहोचणाऱ्या भागांतल्या वाहिन्याही सैल करते आणि तिकडून गेलेले रक्त प्राणवायूवाचून परत येते. पाट सगळीकडे फोडले तर पाणी उभ्या पिकाला पुरत नाही, हे शेतकऱ्याला कुणी शिकवावे लागत नाही.

राजस्थानात या प्रश्नाचा आणखी एक चेहरा आहे. जयपूरहून आग्र्याकडे जाणाऱ्या महामार्गावर दौसा जिल्ह्यात सिकंदरा लागते. रस्त्याच्या दोन्ही कडांना दगडी जाळ्या, कमानी, मूर्ती मांडलेल्या दिसतात. करौली, धौलपूर, जोधपूरच्या खाणींतून वालुकाश्म निघतो आणि त्याच्या धुळीत स्फटिकरूप सिलिका असते. सिलिकाचा कण भक्षकपेशी गिळते, पण त्याला पचवू शकत नाही. ती मरते, कण पुन्हा मोकळा होतो आणि पुढची पेशी त्याला गिळते. प्रत्येक फेरीत दाहाचे तेच विकर जागे होते. सिलिकाची धूळ हुंगवलेल्या उंदरांच्या फुफ्फुसांत नायट्रिक ऑक्साइडचे प्रमाण इजेबरोबर आणि वणाबरोबर वाढत जाते, असे अमेरिकेतील व्यावसायिक आरोग्य संस्थेच्या प्रयोगांत दिसले आहे. बुरशी संपू शकते, दगडाचा कण मात्र संपत नाही. म्हणून काम सोडल्यावरही सिलिकोसिस पुढे सरकत राहू शकतो. राजस्थान सरकारने २०१९ मध्ये या आजारासाठी स्वतंत्र धोरण आणले. त्यात निदान, प्रतिबंध आणि आर्थिक साहाय्याची तरतूद आहे. प्रमाणपत्र मिळालेल्या कारागिराला पैसे मिळतात, गेलेला श्वास मिळत नाही.

मग या रेणूचा रुग्णाला काही उपयोग आहे का? एक वाट श्वासातूनच जाते. माणसाच्या उच्छ्वासात नायट्रिक ऑक्साइड असतो, हे १९९१ मध्ये कळले. दम्याच्या तपासणीत तो आज नेहमी मोजला जातो. सेकंदाला ५० मिलिलिटर अशा संथ, एकसारख्या वेगाने रुग्णाने यंत्रात फुंकायचे असते. वेग संथ असेल तर हवा श्वासनलिकांच्या भिंतींजवळ जास्त वेळ राहते आणि तिथला वायू अधिक गोळा करते. वेग वाढवला तर नलिकांचा वाटा कमी होतो आणि खोल वायुकोशांतला वायू उठून दिसतो. वेगवेगळ्या वेगांनी फुंकून दोन्ही वाटे वेगळे काढता येतात. अंकगणित साधे आहे. एक सरळ रेषा काढायची आणि तिचा उतार व छेद वाचायचा. वायुकोशांतील हे प्रमाण आयएलडीच्या काही रुग्णांत वाढलेले आढळते. दाह अजून पेटलेला आहे की राख झाली आहे, हे एखाद्या फुंकरीतून कळावे, अशी ती आशा आहे. एका रुग्णाचे निदान किंवा उपचार त्यावर ठरवण्याइतकी ही पद्धत अजून पक्की झालेली नाही.

औषधांच्या बाजूनेही काही घडते आहे. पिरफेनिडोन आणि निंटेडॅनिब या दोन औषधांना २०१४ मध्ये अमेरिकेत आयपीएफसाठी मान्यता मिळाली. दोन्ही वण पुसत नाहीत, त्याची चाल मंदावतात. २०२५ मध्ये नेरँडोमिलास्ट हे नवे औषध त्यांच्या पंगतीला आले. ते सायक्लिक जीएमपीच्या भावंडाला, सायक्लिक एएमपीला, टिकवून धरते. तंतुपेशीला थांबवणारा निरोप पोहोचवण्याची कल्पना सोडून दिलेली नाही, वाट तेवढी बदलली आहे.

जयपूरच्या त्या घरातल्या आईला यांतले कुठले औषध लागेल, हे तिचे डॉक्टर ठरवतील. हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिसमध्ये दाह कमी करणारी औषधे द्यावी लागतात, वण वाढत असेल तर निंटेडॅनिबचाही विचार होतो. परंतु पहिला उपचार कुठल्याही दुकानात विकत मिळत नाही. ज्या गोष्टीने संरक्षण यंत्रणा चिडली ती श्वासातून काढून टाकणे, हा तो उपचार. वण पडण्याआधी ती काढता आली तर फुफ्फुस बरेचसे सावरू शकते. उशीर झाला तर जे हरवले ते हरवले, पण उरलेले राखता येते. नायट्रिक ऑक्साइडची अख्खी कथा तेच सांगते: इशारा थांबला की दाहाचे विकर थांबते, वायू पुन्हा निरोपापुरता उरतो, शर्यतीत संरक्षक विकर पुन्हा जिंकू लागते. चाळीस वर्षांचे रसायनशास्त्र आणि तीन मोठ्या चाचण्या जे पेशीच्या आत जाऊन साधू शकल्या नाहीत, त्याची सुरुवात खिडकीबाहेरच्या पेटीपासून होऊ शकते.

म्हणून छातीचा आजार तपासताना घराबद्दलचे प्रश्न महत्त्वाचे ठरतात. कूलर किती वर्षांचा आहे, गवत दर हंगामात बदलता का, पाणी रोज उपसून टाकी कोरडी करता का, गच्चीवर कबुतरे बसतात का, भिंतीला ओल आहे का, कामाच्या जागी दगडाची किंवा धान्याची धूळ उडते का. या प्रश्नांना पाच मिनिटे लागतात आणि ते विचारायला कुठलेही यंत्र लागत नाही. कोरडा खोकला दोन महिन्यांच्या पुढे गेला आणि जिना चढताना धाप लागू लागली, तर ‘वय झाले’ म्हणण्याआधी घरच्यांनीच डॉक्टरांना ही उत्तरे सांगावीत.

त्या घरात संध्याकाळी मुलगा गच्चीवरून शिडी आणतो आणि कूलरची मागची ताटी उघडतो. गवत काळे पडलेले असते, हात लावताच त्याचा चिखल होतो आणि कोंदट वास येतो. तो ते सारे गोणीत भरतो. आई लांब, दुसऱ्या खोलीत बसलेली असते. तिला बोलावू नका, असे डॉक्टरांनी बजावलेले असते. पुढचे काही दिवस त्या खोलीत उकाडा जाणवेल. छताचा पंखा गरम हवा ढवळत राहील. पण रात्री जो वारा तिच्या खाटेवर येईल, तो निदान कोरडा असेल.